गुडघ्याला ओळंबा

माझे गुडघे मागे जातात. हे नुसतं सांगून कुणाला कळत नाही, उभं राहून दाखवावं लागतं. समोरून पाहिलं तर काही वेगळं दिसत नाही. बाजूने पाहिलं की मांडी आणि नडगी एका रेषेत नाहीत, मधला गुडघा कुणी पुढून ढकलल्यासारखा मागे गेलाय आणि सगळा पाय उलट्या धनुष्यासारखा वाकलाय हे लक्षात येतं. लहानपणी मला याचा फायदाच झाला. कथकच्या वर्गात तत्कार करताना पाय काठीसारखे ताठ लागतात. माझे काठीच्याही वरचढ. शाळेत 'सावधान' म्हटलं की पीटीचे सर इतरांना माझ्याकडे बोट दाखवायचे. पाय ताठ ठेवणं हा माझा आयुष्यातला बहुधा एकमेव विनासायास गुण.

एकेचाळिसाव्या वर्षी, घराजवळच्या एका योगवर्गात त्रिकोणासन करताना, त्या गुणाने दगा दिला. आसनात काही दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना उजव्या गुडघ्यामागच्या लवणीत कळ आली. वर्गातल्या शिक्षकांनी सांगितलं होतं, "अजून मागे, अजून मागे, छान!" मीही छान म्हणून गेले होते.

घरात या विषयावर बोलायला दोन माणसं आहेत आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही. एक माझी मावशी. वय एकाहत्तर, अय्यंगार पद्धतीत शिकलेली, गेली तीस-पस्तीस वर्षं सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत वर्ग घेणारी. दुसरी माझी वहिनी, फिजिओथेरपिस्ट. वहिनीकडे येणाऱ्या पेशंटांत योगवर्गात दुखावलेले बरेच, आणि मावशीच्या वर्गात फिजिओथेरपीला कंटाळून आलेले बरेच. त्यामुळे सणावारी जेवायला बसल्यावर वरणभातापर्यंतच शांतता टिकते. मग एका रविवारी मी दोघींना मावशीच्याच खोलीत बोलावलं आणि माझे पाय मधे ठेवले.

"ताडासनात उभी राहा," मावशी म्हणाली. राहिले. "आता गुडघ्याच्या वाट्या वर खेच." खेचल्या. "शाबास! बघ गं, हा पाय. कुठे काय बिघडलंय?"

"मावशी, तुम्ही समोरून बघताय. जरा बाजूला या."

"बाजूला येऊन काय वेगळं दिसणार आहे? पाय सरळ आहे."

"सरळच्या पुढे गेलाय."

"सरळच्या पुढे काय असतं?"

प्रश्न बिनतोड होता. मावशीच्या खोलीत निदान तीस वर्षं तरी सरळच्या पुढे काही नव्हतं. तिथे येणारी माणसं म्हणजे बँकेत खुर्चीवर झिजलेली, स्कूटरवर पाठ आखडलेली, पन्नाशीनंतर खाली बसता न येणारी. त्यांचा गुडघा सरळ होणं हीच मिरवायची गोष्ट. सरळच्या पलीकडे जाणारं कुणी तिथे आलंच तर ते 'लवचिक' या नावाखाली पहिल्या रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांना हेवा वाटायचा.

वहिनीने इकडेतिकडे पाहिलं. खिडकीशी मावशीची नाडी पडली होती, विटा-पट्टे ठेवायच्या कपाटाची किल्ली शेजारी. तिने नाडीच्या टोकाला किल्ली बांधली, माझ्या खुब्याचं बाहेरून हाताला लागणारं हाड शोधलं आणि तिथून नाडी सोडली. किल्ली घोट्याच्या थोडी पुढे, स्थिर लोंबकळली.

"हा ओळंबा," ती म्हणाली. "गवंडी भिंतीला लावतो तोच. चांगल्या उभ्या पायात ही दोरी गुडघ्याच्या मध्याच्या किंचितच पुढून जाते. आता हिचा बघा."

मावशी वाकली. दोरी आणि माझ्या गुडघ्याचा मध्य यांच्यात तिची तीन बोटं मावली. ती काही बोलली नाही, पण तीन बोटं पुन्हा एकदा घालून पाहिली.

वहिनीने मग पिशवीतून दोन पट्ट्यांचं कोनमापक काढलं. उजवा गुडघा चौदा अंश मागे, डावा अकरा. "पाच-दहा अंशांपर्यंत मागे जाणारे गुडघे पुष्कळ लोकांचे असतात, बायकांचे आणि मुलांचे जास्त. दहाच्या पुढे गेलं की आम्ही मोजणीत धरतो. नऊ गुणांची एक चाचणी आहे, बीटन यांच्या नावाने ओळखतात, १९७३ सालची. दोन करंगळ्या, दोन अंगठे, दोन कोपरं, दोन गुडघे, आणि पाय न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का, एवढंच." तिने तिथल्या तिथे माझी घेतली. करंगळ्या आणि अंगठे नापास, कोपरं पास, गुडघे पास, तळवे टेकले. नवापैकी पाच. आयुष्यात इतक्या सहज पास झालेली ही दुसरी परीक्षा, पहिली 'सावधान'ची.

"म्हणजे रोग आहे?" मी विचारलं.

"नुसत्या गुणांवरून रोग ठरत नाही. सांधे निखळत असतील, सगळीकडे दुखत असेल, घरात आणखी कुणाला असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगितलं असतं. तुझं तसं नाही. तुझं एवढंच, की तुझ्या दाराला चौकट नाही."

"चौकट म्हणजे?" मावशी.

"गुडघा बिजागरीसारखा असतो असं आपण म्हणतो, पण पूर्ण बिजागरी नाही तो. पाय जमिनीवर रोवून गुडघा सरळ करताना शेवटच्या काही अंशांत मांडीचं हाड किंचित आत वळतं आणि सांधा कुलूप लागल्यासारखा घट्ट बसतो. ते कुलूप उघडायला लवणीत एक छोटासा स्नायू आहे, पॉप्लिटिअस. इथपर्यंत छान. पण कुलूप लागल्यावर पाय आणखी मागे जाऊ नये म्हणून अडवणार कोण? सांध्याचं मागचं आवरण, लवणीतले पट्टे, आणि आतले फुलीसारखे दोन बंध. त्यातला पुढचा फुटबॉलवाले फाडून घेतात तो. हाडाची ठेवणही थोडी असते. हिचं हे सगळं जन्मापासून सैल. स्नायूंनी धरलं नाही, तर हिचा गुडघा थेट त्या बंधांवर जाऊन बसतो. रोज तासभर. आणि पुढच्या बाजूला वाटीखाली चरबीची एक गादी असते, ती चेमटते. कुणाला लवणीत दुखतं, कुणाला वाटीखाली."

मावशी ऐकत होती, पण तिचा हात माझ्या गुडघ्याकडे गेला होता. "तू नेहमी उभी राहतेस तशी राहा. बसच्या रांगेत राहतेस तशी." मी राहिले. तिने अंगठा आणि बोट वाटीच्या दोन बाजूंना लावून ती डावीउजवीकडे हलवली. वाटी पाण्यात ठेवलेल्या बशीसारखी सरकली.

"हे बघ. मांडी झोपलीय. वाटी मोकळी फिरतेय. हा पाय उभा नाहीच, टांगलेला आहे." आता तिच्या आवाजात जोर आला. "तू बंध सांगितलेस, आवरण सांगितलंस. मी एवढंच म्हणते, की ही कामच करत नाही. सांध्यावर रेलून उभी राहते, जशी माणसं कठड्यावर रेलतात. म्हणून तर आम्ही वाटी वर खेचायला लावतो. मांडी जागी झाली पाहिजे. आणि तुमचे लोक काय सांगतात? 'किंचित वाकवा.' गेल्या दहा वर्षांत हे फार वाढलंय. मुली बाहेरून शिकून येतात आणि त्रिकोणासनात गुडघा मऊ करून उभ्या राहतात. अख्खी खोली अर्ध्या वाकलेल्या गुडघ्यांची. ना धड उभ्या, ना धड बसलेल्या. गुडघा असा मऊ सोडला की मन तर त्याहून आधी सुटतं."

इथे मला वाटलं होतं वहिनी उलटून बोलेल. ती म्हणाली, "मांडी झोपलीय हे अगदी खरं. मागे जाऊन रेललं की वजनाची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते, मग पुढच्या स्नायूला काम उरतच नाही. निदान तुमचं बरोबर आहे."

"मग?"

"औषध चुकतंय. मांडीच्या पुढचा स्नायू करतो काय? गुडघा सरळ. तो आधीच चौदा अंश मागे गेलेला असताना तुम्ही म्हणता, वाटी खेच. तो इमाने खेचतो, आणि गुडघा पंधरावर जातो. मघाशी शाबास म्हणालात ना, तेव्हा मी बाजूने गुडघ्याकडे बघत होते."

मावशीने शाबासकी परत घेतली नाही, पण ती गप्प राहिली. तिची शांतता आम्हाला माहीत आहे. ती हरल्याची नसते, पुढचा पवित्रा शोधण्याची असते.

"क्रम," ती थोड्या वेळाने म्हणाली. "क्रम चुकतोय. आमच्याकडे मांडीचं हाड मागे, नडगी पुढे असंही शिकवलेलं आहे. मी आधी वाटी सांगितली. हिला आधी नडगी सांगायला हवी होती."

"ते तुम्ही वर्गात सांगता?"

"सांगते की." मग जरा थांबून, "तिसऱ्या वर्षाच्या वर्गात."

आम्ही तिघीही हसलो. पण हसण्यावारी जाण्यासारखं ते नव्हतं. सूचना कुणासाठी जन्मली, हा खरा प्रश्न आहे. मावशीच्या गुरुजींचा, बी. के. एस. अय्यंगारांचा जन्म १९१८ सालचा, इन्फ्लुएंझाच्या साथीतला. बालपण मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांत गेलेलं. कृष्णमाचार्यांकडे शिकायला लागले तेव्हा शरीर लाकडासारखं आखडलेलं होतं, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले, १९६६ साली 'लाइट ऑन योगा' आलं, १९७५ साली मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली. आखडलेल्या शरीरातून जी पद्धत घडते, तिच्यात 'ताण, उचल, खेच' हे शब्द आधी येणारच. आणि पुढे विटा, पट्टे, दोर, स्टुलं यांचा एवढा पसारा त्याच पद्धतीने जगाला दिला, तोही दुखऱ्या आणि वेगवेगळ्या शरीरांना आसन देता यावं म्हणूनच. मावशीच्या कपाटात हा पसारा होता. फक्त माझ्यासारखीला वीट कशाला, ही तिच्या खोलीतली समजूत होती. वीट लागते ती हात जमिनीला न पोचणाऱ्याला. माझे तर तळवे टेकतात.

"त्रिकोणासन कर," मावशी म्हणाली. "उजवीकडे."

मी गेले. सवयीने उजवा हात नडगीवर टेकला.

"हात काढ!" दोघी एकदम ओरडल्या. त्या दुपारी उपायाबाबत दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं ते इथे. नडगीवर टेकलेला हात म्हणजे वरच्या धडाचं वजन थेट गुडघ्यावरून मागे ढकलणं. आखडलेल्या माणसाला त्याने आधार मिळतो, मला उतार मिळतो. मावशीने हाताखाली स्टूल दिलं. मग कपाटाकडे गेली, कपाट उघडेना, कारण किल्ली नाडीला बांधलेली. वहिनीने ओळंबा सोडून दिला, मावशीने लाकडी वीट काढली आणि ती तिरकी धरून एक कड जमिनीवर, दुसरी माझ्या पोटरीमागे टेकवली.

"आता विटेवर रेलू नकोस. विटेला पोटरी नुसती लागू दे. वीट पडायला आली की कळेल तू पुढे आलीस. वीट दाबली गेली की कळेल तू मागे गेलीस. दोन्ही नको."

आजवर या आसनात मला काहीच करावं लागत नव्हतं. मी त्यात जाऊन नुसती राहायचे. विटेपाशी पाच श्वास थांबताना मांडी थरथरायला लागली.

"अंगठ्याचं मूळ जमिनीत दाब," मावशी म्हणाली. "सगळं वजन टाचेवर टाकून उभी आहेस."

"आणि टाच जमिनीवरून मागच्या पायाकडे ओढल्यासारखी कर," वहिनी म्हणाली. "हलवायची नाही. नुसता ओढायचा जोर. मांडीच्या मागचा स्नायू धरतो की नाही?"

धरला. लवणीच्या वरच्या बाजूला कुणीतरी दोरी आवळल्यासारखं झालं. पुढची मांडी तिकडून, मागची इकडून, आणि मधे गुडघा, पहिल्यांदाच कुणाच्या तरी ताब्यात.

"वाटी वर," मावशी हळूच म्हणाली आणि वहिनीकडे पाहिलं. वहिनीने हरकत घेतली नाही. आता वाटी वर गेली तरी पाय मागे गेला नाही.

खाली आल्यावर मी म्हणाले, "म्हणजे दोघी एकच सांगताय."

"मुळीच नाही," मावशी म्हणाली.

"नाही," वहिनीही म्हणाली. "मी हिला तीन महिने त्रिकोणासन करूच दिलं नसतं. आधी ताकद. पायरीवर एक पाय ठेवून दुसरा हळू खाली उतरवायचा, गुडघ्याला धक्का न बसू देता. खुर्चीवरून हात न लावता उठायचं, मोजून पाच आकड्यांत बसायचं. सेतुबंध. उत्कटासन. ज्यात गुडघा वाकलेला आहे आणि स्नायूला काम आहे, ते आधी. एका पायावरची आसनं शेवटी. वीरभद्रासनाचा तिसरा प्रकार, अर्धचंद्रासन, यात उभा पाय कुलूपबंद झालेला सगळ्यात उशिरा लक्षात येतो, कारण सगळं लक्ष वर गेलेल्या पायाकडे असतं."

"तीन महिने सोडायला लावलंस तर ती परत येत नाही," मावशी म्हणाली. "तुझे पेशंट आणि माझे विद्यार्थी यात हाच फरक आहे. तुझ्याकडे दुखतंय म्हणून येतात, बरं वाटलं की जातात. माझ्याकडे आसनासाठी येतात. आसनच काढून घेतलं तर उरतं काय? वीट लावून रोज करू दे. ताकद तिथेच येईल."

इथे त्यांचं जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही जमलेलं नाही. मी सध्या दोन्ही करते, आणि दोघींना वाटतं माझं ऐकतेय.

मग वहिनीने मला दंडासनात बसवलं. पाय समोर लांब, पाठ सरळ. "मांड्या दाबून धर." मी धरल्या. माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. हे मी अनेक वर्षं करते. वर्गात टाचा उचलल्या की 'वा' मिळते, मांडीत जोर असल्याची ती खूण मानतात. वहिनीने कोपऱ्यातला त्या दिवशीचा पेपर उचलून टाचेखालून सहज इकडून तिकडे सरकवला.

"टाच वर आली म्हणजे गुडघा जमिनीकडे, सरळच्या पलीकडे गेला. दुसरं काही नाही." तिने टॉवेलची बारीक गुंडाळी गुडघ्याखाली, पोटरीच्या वरच्या टोकाशी ठेवली. टाच पुन्हा जमिनीवर टेकली. "आता मांडी धर, पण टाच उठू द्यायची नाही. पश्चिमोत्तानासनातही हेच. आणि पट्ट्याने पाऊल ओढून झोपून पाय वर नेता ना, सुप्त पादांगुष्ठासन, तिथे ओढ पट्ट्याची नको; पट्टा आहे म्हणून हात जोरात ओढतो आणि गुडघा मागे जातो."

मावशीने पेपर घेऊन स्वतः सरकवून बघितला. "यांना मी 'वा' म्हणते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली कुणास ठाऊक.

वहिनीला मधेच तिच्या सुरुवातीच्या नोकरीतली गोष्ट आठवली. पोलिओ झालेला एक मध्यमवयीन माणूस यायचा. मांडीचा पुढचा स्नायू जवळजवळ गेलेला, गुडघा खूप मागे जाणारा. तिने नवेपणाच्या उत्साहात ठरवलं, याचा गुडघा मागे जाऊ द्यायचा नाही. पट्टा-पट्ट्या लावून रोखला. तो माणूस दोन पावलं टाकून कोसळला. तिच्या वरिष्ठांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की गुडघा मागे कुलूपबंद होतो म्हणूनच हा चालतो. स्नायू नाही, तर सांधाच त्याची काठी. "तेव्हापासून मागे जाणारा गुडघा दिसला की मी आधी विचारते, हा कशासाठी मागे जातोय? हिच्यात सैलपणा. कुणाची पोटरी आखडलेली असते, टाच टेकायला गेली की घोटा वाकत नाही आणि गुडघा मागे पळतो. अधोमुख श्वानासनात टाचा जमिनीला लावायचा हट्ट करणाऱ्यांत असे पुष्कळ. त्यांना वीट नको, टाच उचलून घ्यायला सांगायचं."

"म्हणजे एकच गुडघा, तीन कारणं," मावशी म्हणाली. "आणि मी सगळ्यांना एकच वाक्य."

"मीही," वहिनी म्हणाली. "मी सगळ्यांना 'किंचित वाकवा'च म्हणत होते की."

मावशीला हे सुटायला नको होतं. "हां! त्याचंच राहिलंय. तू 'किंचित' म्हणतेस म्हणजे किती? हिला कळतं का? हिला कळत असतं तर एवढी मागे गेलीच नसती."

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्या शरीराच्या आतला आहे. आखडलेल्या माणसाला शरीर सांगतं: थांब, ओढ बसतेय. मला कुणी सांगत नाही. सैल सांध्यांच्या माणसाला सांधा नेमका कुठे आहे याची आतली जाणीव पुष्कळदा कमी असते, असं वहिनी म्हणाली. दुखणं येतं तेव्हा आसन कधीच संपलेलं असतं, आणि माणूस जिन्यात असतो.

"डोळे मीट," मावशीने हुकूम सोडला. किल्ली परत नाडीला बांधली गेली. या वेळी ओळंबा मावशीने धरला. "पाय सरळ कर. तुला सरळ वाटेल तिथे थांब."

मी थांबले.

"तीन बोटं मागे," मावशी म्हणाली. "आता हिच्या पद्धतीने. किंचित वाकव."

मी वाकवला. मला पाय चांगलाच वाकल्यासारखा वाटला, बसायला निघालेल्या माणसासारखा. लाजच वाटली, या अवस्थेत कथकच्या बाईंनी मला पाहिलं असतं तर छडी मारली असती.

खोलीत कुणी बोलेना. मी डोळे उघडले. मावशी जमिनीवर एक हात टेकून, दुसऱ्या हातात नाडी धरून माझ्या गुडघ्याकडे बघत होती. दोरी गुडघ्याच्या मध्याला चाटून खाली गेली होती. तिथे बोटही मावत नव्हतं.

"हा वाकलेला नाही," ती म्हणाली. "हा सरळ आहे."

"हिला वाकलेला वाटतो," वहिनी म्हणाली. "म्हणून मी वाकव म्हणते. ती वाकवते तेव्हा कुठे सरळपर्यंत येते."

"मग माझ्या वर्गातल्या मुली?"

"त्यातल्या किती जणींचे गुडघे मागे जातात?"

मावशीने मनातल्या मनात रांगा मोजल्या असाव्यात. "चौघी. पाच जणी असतील."

"त्यांना म्हणा. बाकीच्यांना म्हणू नका."

मावशी उठायला लागली. उठताना नेहमीप्रमाणे खिडकीच्या गजाचा आधार घेतला. वहिनीने तिला हात दिला आणि तसाच धरून ठेवला. "मावशी, उभ्या राहा जरा. तुमचा लावू या?"

"माझं काय बघायचंय?"

पण ती उभी राहिली, ताडासनात, तीस वर्षांच्या सवयीने पावलं जुळवून. वाट्या वर खेचल्या; पातळ झालेल्या मांडीवर स्नायू दोरीसारखे उमटले. वहिनीने खुब्यापासून ओळंबा सोडला. दोरी गुडघ्याच्या मध्याच्या पुढून जायला हवी. ती बरीच मागून गेली. मावशीचा गुडघा पुढे राहिला होता. कोनमापकाने आठ अंश वाकलेला भरला, आणि तो तिचा सगळा जोर लावून सरळ केलेला गुडघा होता.

"झीज," मावशी म्हणाली. "मला माहीत आहे. सहा वर्षं झाली. मी रोज त्याच्याशी भांडते, सरळ हो, सरळ हो म्हणून." ती स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिली आणि मग माझ्या. "आणि तेच भांडण तुझ्या गुडघ्याशी केलं."

"तुमच्या गुडघ्याला मी किंचित वाकवा म्हटलं तर?" वहिनी हसत म्हणाली.

"तर मी तुला दाराबाहेर काढीन," मावशी म्हणाली, आणि तेही बरोबर होतं.

पाच वाजत आले होते. संध्याकाळच्या वर्गाची माणसं जिन्यात वाजायला लागली. मावशीने सतरंज्या घालायला सुरुवात केली आणि मला पहिल्या रांगेत न घेता खिडकीकडे, भिंतीशी, आडवी उभी केली. "तुला मी बाजूनेच बघणार आता." बँकेतून निवृत्त झालेले एक काका विटा काढायला कपाटाशी गेले, कुलूप ओढून बघितलं आणि विचारलं, "ताई, किल्ली?"

ओळंबा खिडकीच्या गजाला लोंबत होता.

"तिथे आहे. नाडीसकट घ्या," मावशी म्हणाली. "आणि विटा काढून झाल्या की परत तिथेच लावा. सोडू नका."